चर्चचं देणं

रविवारच्या मिस्सेत शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या जातात. कुणाचं लग्न ठरलंय, कुणासाठी पुण्यस्मरणाची मिस्सा आहे, कुठल्या गावात डोळे तपासणीचं शिबिर आहे. मग हमखास एक वाक्य येतं, ‘युवकांनी मिस्सेनंतर थांबावं.’ कशासाठी थांबायचं ते कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मंडपातल्या खुर्च्या आत न्यायच्या असतात, सणाच्या दिवशी गाड्या लावून द्यायच्या असतात, नाताळात गोठा उभारायचा असतो, पॅरिश डेला पानं वाढायची असतात. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावची. सव्वीस वर्षांची आहे. कळायला लागल्यापासून हे वाक्य ऐकत आले आणि थांबतही आले. त्या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. पाचशे माणसं जेवून उठल्यावर सगळ्यांनी मिळून हॉल धुवायचा, यात जी सोबत मिळते ती ऑफिसातल्या कुठल्याही टीममध्ये मला सापडलेली नाही.

तरी गेली काही वर्षं एक प्रश्न मागे लागला आहे. चर्चने आम्हाला जे दिलं त्याच्या बदल्यात आम्ही फक्त हातपाय द्यायचे का? आमच्यातला कुणी चार्टर्ड अकाउंटंट आहे, कुणी नर्स, कुणी जमिनीच्या दाव्यांत मुरलेली वकील. या मुलामुलींना आठवडाभर लोक त्यांच्या डोक्यासाठी पगार देतात आणि रविवारी चर्चला त्यांचे फक्त खांदे लागतात. या लेखासाठी मी वसई-विरारमधल्या वेगवेगळ्या धर्मग्रामांतल्या तरुणांशी बोलले, काही धर्मगुरूंशी आणि जुन्या माणसांशी बोलले. यातलं बरंचसं घरगुती बोलणं होतं, म्हणून कुणाची नावं देत नाही.

काय द्यायचं हे ठरवण्याआधी काय मिळालं ते बघायला हवं.

आमच्या पट्ट्यात ख्रिस्ती श्रद्धा पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. गावातली चर्चेस मात्र टिकली, कारण ती गावकऱ्यांची झाली होती. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या कसणारे सामवेदी, वाडवळ, किनाऱ्यावरचे कोळी, अशी कितीतरी घरं तीच शेती, तेच लुगडं, तीच बोली ठेवून चर्चला जात राहिली. सामवेदी ख्रिस्ती घरांत, ज्यांना कुपारी म्हणतात, आजही कादोडी बोलली जाते आणि वेदीवरची उपासना मराठीत चालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मराठी आली, तेव्हाची पिढी अजून आहे. माझ्या आजीने लहानपणी लॅटिनमधल्या प्रार्थना अर्थ न कळता पाठ केल्या होत्या. मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा कुठे फादर काय बोलतात ते पहिल्यांदा कळलं, असं ती सांगते.

पण श्रद्धेच्या पलीकडे चर्चने इथे जे उभं केलं, त्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती १९१८ सालची एक पतपेढी. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पुढाकार घेऊन पापडीला ती सुरू केली आणि तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. आज स्टेशनाजवळच्या चकचकीत शाखेत एटीएमच्या रांगेत उभं राहिलं की तिचं मूळ ध्यानात येत नाही. ते समजायला वाडीचं अर्थकारण समजावं लागतं. केळी लावली की पैसा येतो वर्षाने. पानवेलीला मांडव घालायचा, खत द्यायचं, राहाटाला बैल पोसायचा, हा सगळा खर्च आधी आणि उत्पन्न नंतर. मधल्या काळात घरात आजारपण किंवा लग्न निघालं की सावकाराचं दार. आणि सावकाराकडे वाडी एकदा गहाण पडली की ती सोडवता सोडवता पिढी जायची.

त्या वेळी एखाद्या धर्मगुरूला गरिबांसाठी दानपेटी ठेवता आली असती. ती भरलीही असती. पतपेढी काढली म्हणजे लोकांना भागधारक केलं, सभेला बसवलं, हिशेब वाचायला लावला, एकमेकांना जामीन राहायला शिकवलं. शेजाऱ्याने घेतलेलं कर्ज बुडालं तर आपलीही झोप उडते, हे कळलं की माणसं एकमेकांच्या वाडीकडे वेगळ्या नजरेने बघतात. चर्चने आमच्या पणजोबांना दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही होती, असं मी मानते. पैसा फिटून गेला, एकत्र बसून कारभार करायची सवय मागे राहिली.

त्याच सवयीवर पुढचं बरंच काही उभं राहिलं. गावोगावच्या शाळा आहेत, ज्यांत सगळ्या धर्मांची मुलं शिकली. बंगलीचं कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, जिथे आमच्यापैकी अनेकांचा जन्म झाला. १९५५पासून निघणारं ‘सुवार्ता’ मासिक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते. १९४२ साली नंदाखालला जन्मलेला हा धर्मगुरू २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर सगळी वाडी जमली होती. २५ जुलै २०२४ला ते गेले. माझ्या वयाच्या मुलांना ते पुस्तकांमुळे माहीत आहेत, आमच्या आईवडिलांना मात्र मोर्च्यांमुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या जमिनीवर बिल्डरांची नजर पडली, विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसून विकलं जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादरांनी लोकांना रस्त्यावर आणलं. त्यात हिंदू शेतकरी होते, मुसलमान होते. माझी आई तेव्हा शाळेत होती. घोषणा देऊन बसलेला आवाज दोन दिवस परत आला नाही, हे ती अजून अभिमानाने सांगते.

आता आमचं.

आमची पिढी पहाटेच्या लोकलने निघते आणि रात्री येते. वाडी थोड्यांचीच उरली. पुष्कळ मुलं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखातात गेली. त्यांना चर्चचा विसर पडलेला नाही, उलट सणाच्या वर्गणीत सगळ्यात मोठे आकडे बाहेरगावचेच असतात. त्या पैशातून कळसाला रंग लागतो, हॉलला एसी बसतो, ध्वनियंत्रणा नवी येते. मला या देणगीचा अनादर करायचा नाही. परक्या देशात बर्फात राबून कुणी गावच्या चर्चची आठवण ठेवतो, यात प्रेम आहेच. पण धर्मग्रामात फिरल्यावर जे दिसतं ते असं, की रंगाला पैसे पटकन मिळतात आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात घेऊन जायला माणूस मिळत नाही. मुलगा टोरांटोला, सून टोरांटोला, चार खोल्यांच्या बंगल्यात दोन म्हातारी माणसं, आणि मधुमेहाची गोळी संपली हे कुणाला सांगायचं हा त्यांचा प्रश्न.

माझ्या ऑफिसात अहिल्यानगरकडची एक मैत्रीण आहे, प्रॉटेस्टंट मंडळीतली. त्यांच्याकडे दशमांशाची शिस्त पक्की आहे. पगार झाला की दहावा भाग आधी बाजूला. गावाकडच्या मंडळीत कापणीच्या सणाला लोक बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकच कोंबडी तीनतीनदा विकली जाते, कारण घेणारा ती पुन्हा देवाला देऊन टाकतो. हे ऐकून मला हेवा वाटला. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये दशमांशाची सक्ती नाही. चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३च्या धर्मसंहितेत, २२२व्या कलमात एवढंच म्हटलंय की चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. किती आणि कसा, ते माणसावर सोडलंय. या मोकळेपणाचा फायदा घेऊन आम्ही बहुतेक जण अर्पणाच्या थाळीत खिशातली सगळ्यात लहान नोट टाकतो.

मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. सहावी-सातवीची मुलं असतात. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट शिकवत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘टीचर, तिने सगळं देऊन टाकलं, मग दुसऱ्या दिवशी ती काय जेवली?’ वर्ग हसला, पण प्रश्न खरा होता. शुभवर्तमानात त्याचं उत्तर नाही. ते उत्तर, मला वाटतं, मंदिरात बसलेल्या बाकीच्यांनी द्यायचं होतं.

आमच्याकडे हे उत्तर कुणी देत असेल तर ती विन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं. बहुतेक धर्मग्रामांत तिची शाखा असते. पण तरुणांना ती म्हाताऱ्यांची संस्था वाटते, कारण त्यांनी पाहिलेले सभासद निवृत्त शिक्षक किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले काका असतात. वास्तविक ती सुरू केली कॉलेजच्या पोरांनी. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसचा विद्यार्थी २३ एप्रिल १८३३ला वीस वर्षांचा झाला आणि त्याच दिवशी मित्रांना घेऊन त्याने पहिली बैठक घेतली. विद्यापीठातल्या वादसभांत त्याला विचारलं जायचं की तुमच्या चर्चने एके काळी मोठं काम केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? वादात जिंकून याचं उत्तर देता येणार नाही हे त्याला कळलं आणि तो सरपण घेऊन एका गरीब घरी गेला. ७ सप्टेंबर २०२५ला संतपदाला चढवलेला पिअर जॉर्जिओ फ्रासाती हाही याच संस्थेचा सभासद. तुरीनच्या बड्या घरातला, खाणकाम अभियांत्रिकी शिकणारा हा मुलगा १९२५मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. त्याच्या अंत्ययात्रेला शहरातले गरीब एवढ्या संख्येने लोटले, की घरच्यांना तेव्हा कळलं आपला मुलगा संध्याकाळी कुठे जात होता. त्याच दिवशी संत झालेल्या कार्लो अकुतिसचे फोटो आमच्या मुलांच्या फोनवर आहेत, कारण त्याला कॉम्प्युटर येत होता. मला मात्र फ्रासाती जवळचा वाटतो.

मी एका शाखेच्या बैठकीला जाऊन बसले. चर्चमागची लहान खोली, प्लॅस्टिकचं टेबल, भिंतीवर संत विन्सेंटचं चित्र. आठदहा माणसं, त्यांत तीन तिशीच्या आतली. प्रार्थना झाली. मग एक कापडी पिशवी फिरली. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घातला आणि रिकामी मूठ तशीच मिटून बाहेर काढली. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. गेली जवळजवळ दोनशे वर्षं जगभर या बैठका अशाच चालतात. खजिनदाराने पैसे मोजले, वहीत लिहिले आणि मग घरांचा विषय निघाला.

घरभेटीला जोडीनेच जायचं, एकट्याने नाही. दारात उभं राहून बोलायचं नाही, आत जाऊन बसायचं. चहा दिला तर प्यायचा. शेजारी ऐकत असतील तर पैशाचं बोलायचं नाही. मदत कॅथलिकालाच, असा नियम नाही. त्या दिवशी यादीत एक नाव रिक्षावाल्याचं होतं, मूळचा उत्तर प्रदेशचा, भाड्याच्या खोलीत राहणारा. किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. याआधी शाखा त्याला दर महिन्याला काही रक्कम द्यायची आणि ती पुरत नव्हती.

तिशीच्या आतल्या तिघांतला एक जण विमा कंपनीत काम करतो. तो या घरी जोडीदाराबरोबर गेला तेव्हा त्याने पैशांची पाकिटं बाजूला ठेवून कागद मागितले. रेशन कार्ड, आधार, दवाखान्याची बिलं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे त्या घराला माहीत नव्हतं आणि शाखेतल्या जुन्या सभासदांनाही नव्हतं. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, म्हणून दोनदा अर्ज परत आला. त्या मुलाने ऑफिसातून अर्ध्या रजा टाकून तहसील कार्यालयाच्या चकरा मारल्या. आता उपचार योजनेतून होतात आणि पिशवीतल्या पैशातून फक्त दवाखान्यात जायच्या-यायच्या रिक्षाचं भाडं जातं. वहीत नोंद दोन ओळींची होती. जुन्या खजिनदार काकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि त्या मुलाला म्हणाले, ‘अरे, बाकीच्या घरांचे पण कागद बघशील का?’

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. तरुणाला थांबायला सांगितलं नाही, त्याचं काम मागितलं. त्या शाखेत पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन मुली आल्या, हा योगायोग नाही.

आमच्या संत गोन्सालो गार्सियाकडेही मी आता असं बघते. वसईला जन्मलेला हा मुलगा विशीत पोहोचायच्या आत जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारी झाला आणि नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेला. तो धर्मगुरू कधीच नव्हता, व्रतबंधू होता. त्याच्या मिशनला त्याची गरज होती ती दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत तो होता आणि १८६२मध्ये तो संत झाला. दर वर्षी त्याची मिरवणूक निघते, प्रवचनांतून त्याचं मरण सांगितलं जातं. त्याआधी तो अनेक वर्षं परक्या लोकांचं बोलणं ऐकून घेत होता, समजावून देत होता. धर्मशिक्षणात आम्ही मुलांना हेही शिकवायला हवं.

आता जरा अवघड विषयाकडे येते. मी बोलले त्या तरुणांची सगळ्यात मोठी तक्रार देवाविषयी नव्हती, प्रवचनांविषयीही फारशी नव्हती. ती होती निर्णयांविषयी. हॉलचं नूतनीकरण ठरतं तेव्हा कुणी विचारत नाही, ठरल्यावर वर्गणीच्या पावत्या वाटायला बोलावतात. एका धर्मग्रामातली चार्टर्ड अकाउंटंट मुलगी मला म्हणाली, ‘मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते. आमच्या चर्चचा ताळेबंद मी एकदाही बघितलेला नाही.’ तिने विनंती केली की जमाखर्च फलकावर लावावा. काहींना तो उद्धटपणा वाटला. घरी तिच्या वडिलांना निरोप गेला, मुलीला जरा सांगा.

ती मुलगी मागते ते चर्चच्याच कायद्यात आहे. धर्मसंहितेचं ५३७वं कलम म्हणतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. १२८७व्या कलमाप्रमाणे श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा असतो, त्याची रीत स्थानिक नियमाने ठरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ची युवकांवरची धर्मसभा झाल्यावर २०१९मध्ये जे पत्र लिहिलं, त्यात तरुण हे चर्चचं भविष्य आहेत असं म्हणून त्यांना उद्यावर ढकलू नका, ते आज चर्च आहेत, असा आग्रह आहे. आमच्याकडे हे पत्र युवा शिबिरांत वाचलं जातं, अर्थसमितीच्या बैठकीत कुणी वाचलेलं मला माहीत नाही.

एका ज्येष्ठ धर्मगुरूंना मी हे विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘तुम्ही हिशेब मागता हे मला आवडतं. पण महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री साडेआठला समितीची बैठक असते. तरुणांना दोनदा नेमलं. पहिल्या दोन बैठकांना आले, मग कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचा व्हिसा आला. पंच्याहत्तरीचे गृहस्थ मात्र पावसातही येतात.’ हे ऐकून मला गप्प बसावं लागलं, कारण ते खरं आहे. आम्ही उत्साहाने येतो आणि टिकत नाही. खुर्ची मिळण्याचा हक्क आहे तसा त्या खुर्चीवर दर महिन्याला बसण्याचा कंटाळाही आपलाच आहे. तरी त्या फादरांना मी एवढंच म्हटलं की बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवून बघा. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

तरुण टिकून राहिलेले मी पाहिले ते बावखलावर.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वसईच्या पश्चिमेला समुद्र एवढा जवळ, तरी आमच्या विहिरींना गोडं पाणी लागतं, याचं बरंचसं श्रेय या तळ्यांना आहे. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं आणि जमिनीखालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतं. पूर्वी काठावर राहाट असायचा, आता पंप असतो, नाहीतर काहीच नसतं. कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली गेली. जुलै २०१८च्या पावसात वसई दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली, रेल्वे बंद पडली, मिठागरात माणसं अडकली, तेव्हा म्हातारी माणसं म्हणत होती की पाण्याची जागा आपण घेतली, आता ते आपल्या घरात येणारच.

मे महिन्यात पाऊस यायच्या आधी बावखल साफ करायचं असतं. पहाटे साडेपाचला सुरुवात होते, कारण नऊनंतर ऊन सोसत नाही. वरून हिरवीगार दिसणारी जलपर्णी हातात घेतली की खाली हातभर लांब काळी मुळं आणि त्यांत अडकलेला चिखल असतो. चारजण कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, बांबू आडवा धरून पानांचा पट्टा काठाकडे ढकलत आणतात. काठावरचे दोराने ओढून घेतात. एक पाटी उचलायला दोघं लागतात. वासाने सुरुवातीला मळमळतं. मग मध्येच एखादी मरळ सळकन निसटते, कासव वर येऊन डोकं काढतं, आणि पोरं ओरडतात. आमच्याबरोबर हिंदू शेजारी असतात, आणि वर्षानुवर्षं मिस्सेला न आलेला एक मुलगाही असतो. मी त्याला विचारलं, तू चर्चमध्ये येत नाहीस आणि इथे मात्र न चुकता येतोस. तो म्हणाला, ‘फादर दिब्रिटो टँकर अडवत होते तेव्हा माझा बाप त्यांच्या बाजूला उभा होता. मी तेच करतोय.’ पोप फ्रान्सिस यांचं २०१५चं पर्यावरणावरचं परिपत्रक त्याने वाचलेलं नाही. त्याला चर्चबाहेरचा समजायची माझी तयारी नाही.

साफसफाई सोपी, खरी अडचण कागदावर आहे. बावखल खासगी मालकीचं असतं, सातबाऱ्यावर पंधरावीस वारस. त्यातले निम्मे बाहेरगावी. एकाने भराव टाकला की बाकीचे वाटणीचा विचार करू लागतात. इथे पोरांचे खांदे उपयोगाचे नसतात, वकील मुलगी लागते आणि फादरांचा शब्द लागतो. एका ठिकाणी दोन्ही जुळून आलं. मुलीने सगळ्या वारसांची यादी काढली, फादरांनी परदेशातल्या वारसांना स्वतः फोन केले, आणि सध्या तरी ते तळं शाबूत आहे. चर्चच्या रंगाला पैसे पाठवणाऱ्या माणसाला जेव्हा फादर सांगतात की तुझ्या वाट्याचं बावखल बुजवू देऊ नकोस, तेव्हा ते देणगीइतकंच मोठं मागणं असतं. अशी मागणी चर्चने अधिक वेळा करावी असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा विषय आमच्या दारातला आहे. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. तो डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांपर्यंत पसरलेला आहे. पण दूर कशाला जायचं, आमच्या गावाच्या वेशीवर गेल्या पंधरा वर्षांत इमारती उभ्या राहिल्या. त्यांत मंगळुरी कॅथलिक आहेत, मल्याळी आहेत, गोव्याचे आहेत, झारखंड-छत्तीसगडहून कामाला आलेले आदिवासी ख्रिस्ती आहेत. रविवारी ते मागच्या बाकांवर बसतात, मराठी उपासना अर्धीमुर्धी समजते, आणि मिस्सा संपली की निघून जातात. गावातली घरं त्यांना ‘बिल्डिंगवाले’ म्हणतात. सणाच्या समितीत त्यांच्यातलं कुणी नसतं. त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं तर आम्हाला कळत नाही. आमच्यातली काही माणसं म्हणतात, त्यांनी हे चर्च बांधलं नाही. मीही बांधलेलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. आम्हाला ते आयतं मिळालं, ज्यांनी बांधलं त्यांनी आमचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांचं देणं त्यांना परत करता येत नाही, त्यामुळे ते मागच्या बाकावरच्या माणसाकडेच जायला हवं.

मराठीचं काय, असा प्रश्न मला घरातूनच विचारला जातो आणि तो मी उडवून लावत नाही. ही मराठी उपासना, ही कादोडी, आमच्या माणसांनी जपलेली आहे, आणि इंग्रजी शाळांत जाणारी आमचीच मुलं ती विसरत चालली आहेत. म्हणून मी धर्मशिक्षणाचा वर्ग मराठीतच घेते. पण त्या वर्गात झारखंडच्या दोन बहिणी येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी गोष्ट हिंदीत पुन्हा सांगितली, आणि आता त्या दोघी मराठी प्रार्थना आमच्या पोरांपेक्षा स्पष्ट म्हणतात.

नव्या पॅरिश कौन्सिलची नावं नव्या वर्षात ठरतील. या वेळी इमारतींमधून निदान दोन माणसं असावीत आणि जमाखर्च फलकावर लागावा, असं आम्ही काही जणांनी लेखी दिलं आहे. फादर म्हणाले, आधी तिथे राहतं कोण याची यादी तरी करा, आपल्या वहीत अर्धी घरं नाहीत. ती यादी नाताळच्या आत करायची आहे. माझ्याकडे नाक्यापलीकडच्या चार इमारती आल्यात. जोडीला झारखंडच्या त्या दोन बहिणींची आई येणार आहे, कारण तिथली दारं तिच्या ओळखीची आहेत.